नॉर्थ वेस्ट इंग्लंड, २००९ : मतं घटली तरी बीएनपी निवडून कशी आली? (कट्टर उजव्यांविरुद्धच्या प्रादेशिक मोहिमेची आकडेमोड आणि कामाची पद्धत)

बेरीजवजाबाकी

ब्रिटनमधल्या निवडणुकांच्या जुन्या धाग्यावर हे फार अवांतर व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा. विनंती एकच, "लोक मूर्ख आहेत" छापाचे प्रतिसाद नकोत. कामाचं बोलू.

४ जून २००९ ला युरोपीय संसदेची निवडणूक झाली. कंब्रिया, लँकेशायर, ग्रेटर मँचेस्टर, मर्सीसाइड आणि चेशायर मिळून नॉर्थ वेस्ट हा एकच अवाढव्य मतदारसंघ होता. जागा आठ. त्यातली आठवी, म्हणजे शेवटची, ब्रिटिश नॅशनल पार्टी (बीएनपी) या कट्टर उजव्या पक्षाच्या निक ग्रिफिनला मिळाली. लगेच "लाट आली, लाट आली" सुरू झालं. आता आकडे बघा.

२००४ साली याच प्रदेशात बीएनपीला १,३४,९५९ मतं होती (६.४ टक्के), जागा शून्य.
२००९ साली १,३२,०९४ मतं (८ टक्के), जागा एक.

म्हणजे मतं २,८६५ नी घटली आणि माणूस निवडून आला. मतदान ४१.१ टक्क्यांवरून ३१.९ वर घसरलं होतं. एकट्या लेबर पक्षाची मतं ५,७६,३८८ वरून ३,३६,८३१ वर आली. २००४ ला इथे सगळं मतदान टपालाने होतं, शिवाय मोठ्या शहरांच्या कौन्सिल (आपल्याकडच्या नगरपालिका) निवडणुका त्याच दिवशी होत्या. २००९ ला त्या दिवशी फक्त लँकेशायर आणि कंब्रियात काउंटीची निवडणूक होती. मँचेस्टर-लिव्हरपूलकरांना घराबाहेर पडायला दुसरं निमित्तच नव्हतं. त्यात मे महिन्यात खासदारांच्या खर्चाच्या बिलांचं प्रकरण फुटलं, आणि नेहमीचे मतदार वैतागून घरी बसले.

थोडक्यात, भागाकारात वरचा आकडा वाढला नाही, खालचा आटला. मोहिमेचं सगळं गणित यावरून मांडायला हवं, असं माझं म्हणणं.

तिरकस_ताई

आठवी जागा कशी ठरते ते जरा उलगडून सांगा ना. आपल्याकडे विधान परिषदेला कोटा असतो, तसं काही का?

बेरीजवजाबाकी

नाही ताई, कोटा नाही आणि पसंतीक्रमही नाही. एकच फुली, तीही पक्षाच्या यादीवर. पद्धतीचं नाव द'होंट. प्रत्येक पक्षाच्या मतांना आधी १ ने, मग २ ने, मग ३ ने भागत जायचं. येणारे सगळे भागाकार उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरचे आठ घ्यायचे.

२००९ ची मतं : कॉन्झर्वेटिव्ह ४,२३,१७४, लेबर ३,३६,८३१, यूकिप (युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारा उजवा पक्ष) २,६१,७४०, लिबरल डेमोक्रॅट २,३५,६३९, बीएनपी १,३२,०९४, ग्रीन १,२७,१३३.

पहिल्या चार जागा वरच्या चार पक्षांना एकेक. पाचवी कॉन्झर्वेटिव्हला (निम्मे, २,११,५८७). सहावी लेबरला (निम्मे, १,६८,४१५). सातवी पुन्हा कॉन्झर्वेटिव्हला (तिसरा हिस्सा, १,४१,०५८). आठवीसाठी रांगेत बीएनपी १,३२,०९४, यूकिपचे निम्मे १,३०,८७०, ग्रीन १,२७,१३३, लिबरल डेमोक्रॅटचे निम्मे १,१७,८१९, लेबरचा तिसरा हिस्सा १,१२,२७७.

ग्रिफिनला बाहेर ठेवायला यूकिपला आणखी २,४४९ मतं पुरली असती, ग्रीनला ४,९६२. लिबरल डेमोक्रॅटना साडेअठ्ठावीस हजार आणि लेबरला जवळजवळ साठ हजार लागली असती.

पेनाईन

म्हणजे फॅसिस्टविरोधी मोहिमेने "यूकिपला मत द्या" म्हणायचं? छान. आगीतून फुफाट्यात.

बेरीजवजाबाकी

तसं कुणी म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. बीएनपी सोडून बाकीच्यांच्या मतांत यूकिपचा वाटा साधारण १७.२ टक्के. तेव्हा बीएनपीला मत न देणारे सुमारे १४,२०० जास्तीचे लोक बाहेर पडले असते आणि त्यांनी एरवीच्याच प्रमाणात मतं वाटली असती, तरी काम झालं असतं. प्रदेशात तेव्हा ३९ स्थानिक कौन्सिलं होती. म्हणजे कौन्सिलमागे ३६५ माणसं. एका मोठ्या लग्नाच्या पंगतीएवढी.

आठवी जागा यूकिपला गेली असती हे खरं. ते पटत नसेल तर ग्रीनची ४,९६२ मतं हा दुसरा रस्ता. पण निवडणुकीआधी शेवटच्या जागेवर कोण लटकणार हे अचूक सांगता येत नाही, हाच तर द'होंटमधला पेच. "अमुक पक्षाला द्या" असं ठाम सांगणारी मोहीम तिथे हमखास फसते. सगळे अंदाज दोन-तीन टक्के चुकतात, आणि इथे निकाल पाव टक्क्याच्याही आत होता.

उंबरठा

आकडे मान्य, पण एक इशारा. ते १४,२०० लोक बीएनपीला मत न देणारे असावे लागतात. सरसकट "मतदान करा" अशी पोस्टरं चौकात लावली की त्यांचेही मतदार जागे होतात. सगळ्यांची मतं सारख्या प्रमाणात वाढली तर जागांचं वाटप तसूभरही हलत नाही. म्हणून दारोदार जाऊन आधी यादी करावी लागते आणि शेवटच्या दिवशी फक्त त्या यादीतल्यांच्याच दारावर थाप मारायची.

पद्धत अशी. दोघांची जोडी. एक बोलतो, दुसरा पाटीवर खूण करतो. बोलणाऱ्यानेच लिहायचं ठरवलं की दहाव्या दारापासून खुणा चुकतात. खुणा चारच ठेवा : नक्की येणार, येईल पण ढकलावं लागेल, त्यांच्याकडे झुकलेला, घरी कुणी नाही. सहा-सात प्रकार केले की संध्याकाळी आकडे भरणाऱ्याला काही कळत नाही. सगळ्यात मोलाची दुसरी खूण. पहिल्या खुणेचे लोक तसेही जातात, तिसऱ्यांशी दारात वाद घालण्यात वीस मिनिटं जातात आणि हाती काही लागत नाही. नवे कार्यकर्ते नेमके तिथेच अडकतात, कारण वाद जिंकायला मजा येते.

"घरी कुणी नाही" ही खूण निम्म्याहून जास्त दारांवर पडते. अशा घरांची वेगळी यादी करून वेगळ्या वेळी जायचं. आधी दुपारी गेला असाल तर आता संध्याकाळी सहा ते आठ. अंधारात दार ठोठावू नये, विशेषतः एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं. मतदान सकाळी सात ते रात्री दहा असतं. शेवटची फेरी साडेआठला सुरू करायची, कारण नऊनंतर बूट घालून कुणी निघत नाही.

आता पत्रकं. त्या भागातल्या जुन्या गिरणी वस्त्यांत दगडी घरांच्या सलग रांगा, दार थेट फुटपाथवर. तिथे एक माणूस तासाला सव्वाशे-दीडशे घरं करतो. पुढे बाग असलेली जोडघरं असली की सत्तर-ऐंशीवर येतो. उंच इमारतींचा भरवसा धरू नका, खालचा दरवाजा उघडला नाही तर तास फुकट. चार पानी छोट्या वर्तमानपत्राच्या आकाराचा अंक साधारण अकरा-बारा ग्रॅमचा, म्हणजे दोनशेचा गठ्ठा सव्वादोन किलो. आठ पानी केला की साडेचार किलो, आणि पावसात खांद्यावर साडेचार किलो घेऊन दोन तास चालणारा स्वयंसेवक पुढच्या रविवारी येत नाही. चार पानी पुरे.

दारातल्या पत्रपेटीच्या फटीला कडक स्प्रिंग असते आणि आत बऱ्याचदा ब्रश. पत्रक नुसतं सरकवलं की चुरगळून अर्धं बाहेर लोंबतं. मग पावसाने भिजतं, आणि घरात माणूस नाही हे चोराला सांगतं ते वेगळंच. उलथन्यासारखी लाकडी पट्टी सोबत ठेवा. पत्रक तिच्यावर दुमडून पट्टीसकट आत ढकला आणि पट्टी मागे ओढा. बोटं आत घालू नका. कुत्रा भुंकत येतो असं नाही, काही गुपचूप बसून असतात.

गिरणगाव

उंबरठा, उलथन्यासाठी +१ :)

आता पत्रकात काय लिहायचं ते. बर्नली, ओल्डम, ब्लॅकबर्न ही सगळी सूत-कापडाच्या गिरण्यांची गावं. एकेकाळी बाहेरून आलेल्या, मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चाललेली, नंतर गिरण्या बंद पडून ओसाड झालेली. परळ-लालबाग ज्याने बघितलंय त्याला तिथली भाषा कळायला वेळ लागत नाही : "आमचं गेलं आणि त्यांना मिळालं." २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डम आणि बर्नलीत दंगली झाल्या. त्याच वर्षी ओल्डम वेस्ट अँड रॉयटनमध्ये ग्रिफिनला १६.४ टक्के मतं पडली. २००३ पर्यंत बर्नली कौन्सिलात बीएनपीचे आठ सदस्य होते.

बर्नलीतली मुख्य अफवा अशी की कौन्सिलचा सगळा पैसा डेन्सहाऊस या आशियाई वस्तीच्या वॉर्डात जातो. लंडनच्या बार्किंगमध्ये अफवा वेगळी होती. आफ्रिकी कुटुंबांनी तिथे घरं घ्यावीत म्हणून कौन्सिल त्यांना पन्नास हजार पौंड देतं, असं खुद्द बीएनपीच्या पत्रकात छापलं होतं. धादांत खोटं. पण "हे खोटं आहे" असं मोठ्या अक्षरात छापणं हीच ठरलेली चूक. मथळ्यात अफवा आली की वाचणाऱ्याच्या डोक्यात अफवाच राहते. मथळ्यात घरांचं खरं दुखणं घ्या : कौन्सिलची घरं विकली गेली, नवी बांधली नाहीत, प्रतीक्षायादी वाढली. अफवेचा उल्लेख केलाच तर खाली, एका ओळीत.

दुसरी चूक, "नाझी" हा शब्द. ज्याने मागच्या वेळी त्यांना मत दिलं त्याला वाटतं, हे मला नाझी म्हणतायत. तिथे संवाद संपतो. त्यापेक्षा त्यांच्या नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढा. बैठकांची हजेरी आणि इतिवृत्तं सार्वजनिक असतात. किती बैठका झाल्या, किती ठिकाणी हजर, किती प्रश्न विचारले, वॉर्डासाठी काय मागितलं. वर्षभराचा तक्ता मतांसाठी शिव्यांच्या शंभर पत्रकांपेक्षा भारी पडतो. आकडा मात्र एकही चुकता कामा नये. एक चूक सापडली की ते तीच घेऊन नाचतात.

आणि पत्रक गावागणिक वेगळं हवं. मागचं पान सगळ्या प्रदेशाला सारखं, पुढचं पान स्थानिक. छापखान्याला पुढच्या पानाच्या आठ-दहा आवृत्त्या करायला फारसा त्रास नसतो, त्रास मजकूर वेळेत मिळण्याचा असतो. प्रत्येक गावाने फोटो आणि तीनशे शब्द द्यायची तारीख छपाईच्या दहा दिवस आधीची ठेवा. तरी दोन गावं उशीर करतातच. त्यांच्यासाठी एक सर्वसाधारण पान तयार ठेवायचं.

कायद्याचं_बोला

उत्साहाच्या भरात पाय घसरायच्या जागा सांगतो.

एक, प्रत्येक छापील पत्रकावर छापणाऱ्याचं, ते काढणाऱ्याचं आणि ज्याच्या वतीने काढलं त्याचं नाव-पत्ता हवा. एकपानी असेल तर त्याच बाजूला, जास्त पानं असतील तर पहिल्या किंवा शेवटच्या पानावर. हे राहिलं की अख्खा गठ्ठा रद्दीत. नोव्हेंबर २०२३ पासून ऑनलाइन मजकुरालाही असा नियम आहे.

दोन, खर्च. एखाद्या विशिष्ट उमेदवाराला पाडण्यासाठी पक्षाबाहेरचा माणूस किंवा संस्था किती खर्च करू शकते याला मर्यादा आहे. संसदीय मतदारसंघात ७०० पौंड. कौन्सिलच्या वॉर्डात ५० पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे अर्धा पेनी. म्हणजे ९,००० मतदारांच्या वॉर्डात फक्त ९५ पौंड! यात छपाईच संपते. उमेदवाराचं नाव न घेता पक्षाच्या भूमिकेवर बोललात तर हिशेब वेगळा, पण देशपातळीवरच्या निवडणुकीत तो खर्च १०,००० पौंडांवर जाणार असेल तर निवडणूक आयोगाला कळवावं लागतं.

तीन, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान. निवडणूक कायद्याचं कलम १०६. हे कागदावरच आहे असं समजू नका. याच प्रदेशातल्या ओल्डम ईस्ट अँड सॅडलवर्थची २०१० ची निवडणूक त्यावरून रद्द झाली, लेबरचे फिल वूलस यांची खासदारकी गेली. तिथे समोर बीएनपी नव्हती, लिबरल डेमोक्रॅट होते, पण कलम तेच.

चार, आणि हे आपल्या मंडळांसाठी. ब्रिटनमधली बरीच मराठी मंडळं, मंदिरं धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. अशा संस्थेला "अमुक पक्षाला मत देऊ नका" म्हणता येत नाही. मतदार नोंदणीचं टेबल मात्र खुशाल लावता येतं. गणपतीत आरतीनंतर लावा, दोन तासांत चांगलं काम होतं.

पाच, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये बीएनपीची सदस्ययादी फुटली आणि इंटरनेटवर आली. तशी यादी हाती लागली तरी वापरायची नाही. बेकायदा तर आहेच, वर गल्लीतला माणूस शेजाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, तुमच्या नाही.

पेनाईन

पुन्हा मीच, विरोधी बाकावरून. २०१४ ला ग्रिफिन हरला, बीएनपीला नॉर्थ वेस्टमध्ये ३२,८२६ मतं, १.९ टक्के. "होप नॉट हेट" आणि बाकीच्या फॅसिस्टविरोधी संघटनांनी ढोल वाजवले. पण त्याच निवडणुकीत तिथे यूकिप २७.५ टक्क्यांवर गेली आणि तीन जागा घेऊन बसली. शिवाय बीएनपी आतूनच पोखरली होती. समानता आयोगाने कोर्टात खेचल्यावर २०१० मध्ये सदस्यत्वाचे नियम बदलावे लागले, पैसे संपले, भांडणं झाली. मग मोहिमेचं श्रेय किती आणि यूकिपने मतं ओढली ती किती?

आणखी एक. जून २००९ मध्ये निवडून आल्यावर ग्रिफिनवर संसदेबाहेर अंडी फेकली, ऑक्टोबरमध्ये तो बीबीसीवर बसला तेव्हा बाहेर निदर्शनं. आठवडाभर त्याचंच तोंड सगळीकडे.

उंबरठा

अंड्यांबद्दल सहमत. निदर्शनात दिवस घालवणारे शंभर जण म्हणजे दोन तासांच्या पाळीतली वीस-पंचवीस हजार पत्रकं.

श्रेयाबद्दल मात्र लंडनमधलं बार्किंग अँड डॅगनम बघा, तिथलं मोजमाप जास्त स्वच्छ आहे. बीएनपीचे तिथे कौन्सिलात १२ जण होते. ६ मे २०१० ला बाराही पडले, ५१ च्या ५१ जागा लेबरला. ग्रिफिन स्वतः बार्किंगमधून खासदारकीला उभा होता, तिसरा आला, ६,६२० मतं, १४.६ टक्के. तेव्हा मतं ओढायला तिथे यूकिपची हवा नव्हती. फरक पडला तो वाढलेल्या मतदानाने, कारण सार्वत्रिक निवडणूक त्याच दिवशी होती, आणि महिनोन् महिने दारोदार झालेल्या कामाने. दोन्हीतलं किती कशाचं ते वेगळं काढता येत नाही, हे कबूल. पण एक धडा पक्का : काम उमेदवारी अर्जाच्या आधी कित्येक महिने सुरू झालं होतं. २००९ ला नॉर्थ वेस्टचा पसारा ५० लाखांहून जास्त मतदारांचा, आणि माणसं मोजकी. सगळीकडे थोडं थोडं लोणी फासलं गेलं.

तिरकस_ताई

मग थोडी माणसं असतील तर कुठे लावायची? बीएनपी जिथे जोरात तिथे, की उलट?

बेरीजवजाबाकी

उलट! हाच प्रादेशिक निवडणुकीतला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. वॉर्डाच्या निवडणुकीत त्यांच्या गडावर जावं लागतं, तिथेच जागा ठरते. यादीच्या निवडणुकीत लिव्हरपूलच्या विद्यार्थी वस्तीतलं मत आणि बर्नलीतलं मत यांचं वजन एकच. तेव्हा जिथे विरोधी मतदार भरपूर आणि मतदान कमी, तिथे तासामागे सर्वात जास्त मतं मिळतात. मँचेस्टरचा मध्यभाग, विद्यापीठांच्या आसपासचे वॉर्ड, बोल्टन-प्रेस्टनच्या गुजराती गल्ल्या. पण कार्यकर्त्यांचं मन बर्नलीलाच ओढ घेतं, कारण लढाई तिथे दिसते.

हे जुनं झालं असं समजू नका. युरोपीय निवडणुका ब्रिटनमध्ये संपल्या, द'होंट नाही. स्कॉटलंडच्या आठ प्रदेशांत प्रत्येकी सात यादीच्या जागा याच पद्धतीने जातात (तिथे मतदारसंघात जिंकलेल्या जागा भाजकात धरतात). वेल्समध्ये २०२६ पासून १६ मतदारसंघ, प्रत्येकी सहा जागा, ९६ सदस्य, सगळं द'होंट. सहा जागांत १४.३ टक्क्यांच्या पुढे गेलं की एक जागा नक्की, पण मतं फुटली तर त्याहून बऱ्याच कमीतही मिळते. नॉर्थ वेस्टच्या आठ जागांत नक्कीची रेघ ११.१ टक्के होती, ग्रिफिन ८ वर आत आला.

अटकेपार

एक शंका. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना यात मत आहे का? बऱ्याच जणांना वाटतं की ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय नाही.

कायद्याचं_बोला

आहे. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, कायदेशीर वास्तव्याची परवानगी असलेला, ब्रिटनमध्ये राहणारा, एवढं पुरतं. नोकरीचा व्हिसा चालतो, विद्यार्थी व्हिसाही चालतो. कौन्सिल, संसद, सगळीकडे. आयटीत दोन वर्षांसाठी आलेली जोडपी हमखास वगळली जातात, कारण त्यांना कुणी सांगतच नाही.

नोंदणी मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत, ऑनलाइन. राष्ट्रीय विमा क्रमांक मागतात, नसेल तर कारण लिहून अर्ज करता येतो, पण मग कागदपत्रं मागवतात आणि वेळ जातो. म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. टपाली मताचा अर्ज ११ कामकाजी दिवस आधी. मध्ये ईस्टर किंवा बँक हॉलिडे आला की हे दिवस मागे सरकतात, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

अटकेपार

आणि ओळखपत्र? पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट लांबलचक नाव, यादीत फक्त नाव-आडनाव, अशी निम्म्या मराठी लोकांची स्थिती.

कायद्याचं_बोला

इंग्लंडमध्ये कौन्सिल आणि संसदेच्या मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं, २०२३ पासून. राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे भारतीय चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फोटोवरून ओळख पटली की झालं. स्कॉटिश आणि वेल्श संसदेच्या मतदानाला ओळखपत्र लागत नाही.

मधलं नाव गाळलेलं असलं तर सहसा अडत नाही. अडतं ते लग्नानंतर आडनाव बदललंय आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे तेव्हा. विवाह प्रमाणपत्र सोबत न्यायचं. ते मराठीत असेल तर टेबलावरचा माणूस नुसता बघत बसेल, तेव्हा नोंदणी करतानाच पासपोर्टवरचंच नाव लिहिणं सोपं. नोंदणीचं टेबल लावणाऱ्यांनी प्रत्येकीला हा एक प्रश्न आधी विचारावा : "पासपोर्टवर आडनाव कुठलं?"